शांत मुलांचं कौतुक जरा आवरा

मा. संपादक,
स. न.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत मी बरीच वर्षं अभ्यासिका चालवते. एमपीएससी, बँकिंग, तलाठी भरती, सीए, इंजिनियरिंगच्या केटीवाले अशी सगळी पोरं-पोरी येतात, सकाळी शटर वर करायच्या आधी दोघं-तिघं पायरीवर बसलेलेच असतात. हे पत्र त्या पोरांपेक्षा त्यांच्या आईबापांसाठी आहे. ॲडमिशनला आले की हमखास एक वाक्य ऐकवतात, "काकू, आमचा मुलगा फार शांत आहे हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तुम्हाला त्याचा काही त्रास होणार नाही." आणि हे अगदी अभिमानानं बरं का. मुलगा बाजूलाच उभा, वय वर्षं चोवीस, फॉर्म वडील भरणार, मोबाईल नंबर वडील सांगणार, सीट खिडकीजवळची हवी का भिंतीजवळची तेही वडीलच ठरवणार.

मला त्रास होत नाही हे खरंच आहे. त्रास त्याला होत असतो आणि घरात कुणाला दिसत नाही, कारण आपल्याकडे मान खाली घालून जाणारं पोर म्हणजे गुणी पोर. व्यसन नाही, उलटं बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. ह्यातलं शेवटचं जरा नीट बघा एवढंच मला म्हणायचंय.

सगळी शांत मुलं आजारी असतात असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी अंगावर येऊ नका. काही जण मुळातच कमी बोलतात, त्यांना दोन मित्र पुरतात, त्यांना चारचौघांत सही करताना किंवा रिक्षावाल्याकडे सुट्टे मागताना काही होत नाही, ती मजेत असतात. मी सांगतेय ती वेगळी पोरं. त्यांना बोलायचं असतं, ग्रुपमध्ये बसायचं असतं, चहाला जायचं असतं, पण समोर माणूस आला की अंगच साथ देत नाही. माझी भाची सायकॉलॉजिस्ट आहे, तिच्याशी ह्यावर खूप वेळा बोलणं झालंय, ती म्हणते ह्याला सोशल अँक्झायटी म्हणतात, आणि हे काही रील्सच्या जमान्यात निघालेलं खूळ नाही, मानसोपचारवाल्यांच्या आजारांच्या यादीत १९८० पासून सोशल फोबिया म्हणून नोंद आहे. साधारण सहा महिने किंवा जास्त काळ तोच तो त्रास होतोय आणि त्यापायी शिक्षण, नोकरी, मैत्री अडून बसलीय, असं असेल तर नुसता लाजाळू स्वभाव म्हणून सोडून देऊ नका.

आता अंगात काय होतं ते सांगते, कारण ते मी रोज बघते. आमच्या दारावर आधी अंगठ्याचं मशीन होतं. बाकीची पोरं टुक करून आत. एक मुलगा मात्र रोज अडकायचा, कारण मागे दोन-तीन जण उभे राहिले की त्याचा अंगठा घामानं ओला व्हायचा आणि ओला अंगठा मशीन घेत नाही, मशीन मोठ्यानं ओरडणार "कृपया पुन्हा प्रयत्न करा", तो अंगठा पँटला पुसणार, परत लावणार, परत तेच, तोवर कान लालबुंद, आणि मागचा कोणीतरी सहज म्हणणार "काय रे, चोरी करून आला का?" सगळे हसले की हा पण हसायचा. दुसऱ्या दिवसापासून हा पहाटे येऊन पायरीवर बसायला लागला, सगळ्यात आधी, म्हणजे मागे कुणी नको. घरी काय कौतुक, पोरगा पहाटे उठतो, किती सिन्सियर.

मागे कुत्रं लागल्यावर अंग जे करतं तेच इथं होतं, फरक एवढाच की कुत्रं नसतं, माणसं बघत असतात. मेंदू त्या नजरांनाच धोका समजतो, अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडायला लागते, तळहात नि काखा भिजतात, हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं म्हणून आवाज चिरका निघतो किंवा निघतच नाही. पचन तेवढ्यापुरतं बाजूला पडतं म्हणून पोटात गोळा, मळमळ, परीक्षेच्या हॉलमध्ये शिरायच्या आधी तीन-तीनदा बाथरूम. श्वास वरवरचा आणि भराभर चालतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, गरगरल्यासारखं होतं, आणि पोराला वाटतं आता आपण इथंच पडणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं कोरं होतं, काल रात्री घडाघडा म्हटलेलं उत्तर तोंडी परीक्षेत समोर सर बसले की गायब, आणि सरांना वाटतं ह्यानं अभ्यासच केला नाही. काहींना चारचौघांत जेवता येत नाही. एक मुलगी मेसला दुपारी अडीचनंतर जायची, पोळ्या संपायच्या वेळेला, थंड वरणभात खायची, कारण तेव्हा टेबलं रिकामी असतात आणि घास तोंडाशी नेताना कुणी बघत नाही. काही मुलांना सार्वजनिक मुतारीत शेजारी माणूस असला की लघवीच होत नाही, हे तर कोणी आईबापाला सांगणारच नाही, म्हणून मी लिहून टाकते.

धडधड, घाम, हाताची थरथर हे थायरॉईड वाढलं तरी होतं, त्यामुळे डॉक्टरनं आधी रक्त तपासायला सांगितलं तर चिडू नका. आणि दिवसाला सहा कटिंग आणि रात्री जागायला एनर्जी ड्रिंक हे ज्यांचं चाललंय त्यांनी ते जरा कमी करून बघा, कॅफिननं छाती अजून धडधडते.

मनाचं तर ह्याहून वाईट, कारण अंगाचं पंधरा मिनिटांत शांत होतं, मनाचं होत नाही. ते आधीपासून सुरू होतं. पुढच्या गुरुवारी प्रेझेंटेशन आहे म्हटलं की ह्या गुरुवारपासून झोप गेली. मग प्रत्यक्ष वेळेला समोरच्याकडे लक्षच नसतं, सगळं लक्ष स्वतःवर, माझा हात हलतोय का, माझा आवाज कापतोय का, हे सगळे मला हसतायत का. स्वतःलाच बाहेरून बघत बसायचं आणि त्या नादात प्रश्न काय विचारला तेच ऐकू येत नाही. आणि झाल्यावर रात्री पोस्टमॉर्टेम, मी असं का म्हणालो, ती तेव्हा मोबाईलकडे का बघत होती, म्हणजे बोअर झाली असणार, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच. ज्याच्याशी बोलला तो केव्हाच विसरून झोपलेला असतो. ह्या सगळ्याची शरम इतकी की ती रागातून बाहेर पडते, आणि राग निघणार कुणावर तर आईवर. बाहेर गोगलगाय आणि घरात ताटं आपटतो अशी तक्रार घेऊन एक आई माझ्याकडे आली होती, तिला मी म्हटलं, ताई, बाहेर दिवसभर आवळून धरलेलं तुमच्यापुढे सुटतं.

आता माझा खरा मुद्दा. हे वाढतं कशानं? टाळण्यानं. शेअर रिक्षात "दादा, इथं थांबवा" म्हणायला जीभ उचलत नाही म्हणून उपनगर स्टॉपला उतरायचं ते पोर दुसरं कोणी उतरेपर्यंत बसून राहतं आणि थेट पुढच्या द्वारका चौकात उतरून उलटी रिक्षा पकडतं. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, एकदम हलकं. पण मेंदू त्यातून शिकतो काय तर बोललो नाही म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अजून मोठी. असं करत करत आधी रिक्षा सुटते, मग कॉलेजचं गॅदरिंग, मग मित्राचं लग्न, मग इंटरव्ह्यू. एमपीएससी राज्यसेवेच्या नव्या पॅटर्नमध्ये मुख्य परीक्षा १७५० मार्कांची आणि मुलाखत २७५ ची आहे, त्या २७५ च्या धाकानं चांगला अभ्यास असलेली पोरं फक्त लेखीवर होणाऱ्या भरत्यांचे फॉर्म भरत बसतात आणि घरी सांगतात की राज्यसेवेत आता काही राम राहिला नाही.

आणि हे टाळणं सोपं कोण करून देतं? आपणच, आणि तेही प्रेमानं. परवा एका वडिलांचा मला फोन, की पोराच्या सीटवरचा पंखा आवाज करतो. पोरगा माझ्या काउंटरपासून दहा पावलांवर बसलेला. त्यानं पंख्याचं घरी सांगितलं, निफाडला, आणि निफाडहून मला फोन! त्याच्या बँकेचं काम आई करते, मेसवाल्याशी भांडण मोठा भाऊ करतो, गावाहून बसमध्ये बसवून द्यायला काका. वाईट कुणाचाच हेतू नाही. पण चोवीस वर्षांच्या मुलाचे सगळे फोन तुम्हीच केले तर तुम्हीही त्याला रोज हेच सांगताय की हे तुझ्या बसकीबात नाही.

दुसरं टोक असतं ते पण बघितलंय. "काही होत नाही, ढकला पाण्यात, आपोआप पोहेल" म्हणणारे. सुट्टीत कुठल्यातरी स्टेज डेअरिंगच्या शिबिराला घालायचं, तिथं पहिल्याच दिवशी माईक हातात आणि समोर शंभर पोरं. काही जण तरतात, नाही असं नाही. पण ज्याला खरोखर हा त्रास आहे तो तिथं गारठतो, सगळ्यांसमोर फजिती होते, आणि त्याच्या डोक्यात जे आधीच होतं त्याला पुरावा मिळतो. लहानपणी पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव ना कविता, दाखव ना" करून रडवलेली पोरं पुढं अशी का होतात ह्याचा माझ्याकडे पुरावा काही नाही आणि स्वभाव, आनुवंशिकता, चिडवाचिडवी अशी बरीच कारणं मिळून हे होतं असं भाची सांगते, पण ते कविता प्रकरण बंद केलंत तर कुणाचं काही अडणार नाही. अमेरिकेत ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यातल्या साधारण पाऊण लोकांना तो ८ ते १५ ह्या वयात सुरू झालेला असतो, म्हणजे माझ्याकडे पोर येतं तेव्हा दहा-दहा वर्षं जुनं दुखणं असतं.

सगळंच पोराच्या डोक्यातलं असतं असंही नाही. सटाणा, मालेगावकडून आलेली पोरं घरी अहिराणी बोलतात, इथं कॉलेज रोडच्या टोळक्यात एक शब्द तसा निघाला की खी खी करून हसतात, मग ते पोर वर्षभर तोंड उघडत नाही. सुरगाणा, पेठच्या पोरांना तर विचारूच नका. हसणारे होते, खरंच हसले होते. तेव्हा नाशिककर म्हणून आपण जरा आपल्या पोरांना पण सांगा. कॉलेजातले काही सर लोक वर्गात एकाला उभं करून त्याची नक्कल करतात, त्याला विनोद समजतात, त्यांनाही कुणीतरी सांगायला पाहिजे.

मग करायचं काय, तर थोडं थोडं. ह्याला उपचार आहेत आणि चांगले लागू पडतात. सीबीटी नावाची थेरपी आहे, त्यात नुसतं "पॉझिटिव्ह विचार कर" असं प्रवचन नसतं, कुठली भीती कितपत हे चढत्या क्रमानं लिहून काढायचं आणि खालच्या पायरीपासून मुद्दाम करायला घ्यायचं, आणि करताना नेहमीच्या कुबड्या सोडायच्या, म्हणजे मोबाईलमध्ये तोंड खुपसणं, वाक्य मनात दहादा घोकणं, हात दिसू नये म्हणून खिशात घालणं. आमच्याकडच्या एका मुलीनं (गाव सांगत नाही) तिच्या समुपदेशकाबरोबर अशी यादी केली होती. पहिली पायरी झेरॉक्सवाल्याला "बॅक टू बॅकचे किती?" विचारायचं. मग सिटीलिंकच्या कंडक्टरला स्टॉप विचारायचा, माहीत असला तरी. मग दुकानात चार कुर्ते काढायला लावायचे आणि काहीच न घेता बाहेर पडायचं, ह्याला तिला फार दिवस लागले, आणि मलाही लागतील, खरं सांगायचं तर. मग अभ्यासिकेच्या ग्रुप डिस्कशनमध्ये मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. तिनं घटनादुरुस्तीचा नंबर चुकवला, एकानं "४२वी गं" म्हणून दुरुस्त केलं आणि सगळे पुढच्या प्रश्नावर गेले. ती मला नंतर येऊन म्हणाली, काकू, कुणी बघितलं पण नाही! जरा नाराजच वाटली मला.

औषधांबद्दल दोन गोष्टी लिहायलाच हव्यात कारण पोरांमध्ये भलतंच चाललेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ ह्यात बहुतेक वेळा एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्य-चिंतेवर देतात ती गोळी देतात, तिचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायची नसते. हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीत ठीक आहे. पण तोंडी परीक्षेच्या सकाळी मित्रानं दिलेली "हार्ट शांत करायची गोळी" खाणं हा जो प्रकार आहे तो बंद करा. ती बहुतेक प्रोप्रॅनोलॉल असते, दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते. आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्या ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणणारे पण आहेत, त्यांची सवय लागते हो, मग सुटता सुटत नाही. दारूचं तर काय सांगू. दोन पेग मारले की मोकळं बोलता येतं हे एकदा कळलं की प्रत्येक पार्टीला आधी पेग, मग पार्टी, आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट.

आईबाप डॉक्टरकडे न्यायला घाबरतात ते दोन गोष्टींसाठी, लग्न आणि सरकारी नोकरी. कळलं तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, डॉक्टर ती गल्लीत वाटत फिरू शकत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेनं २०१५-१६ ला देशभर मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं, त्यात नैराश्य, अँक्झायटी असे नेहमी आढळणारे त्रास असलेल्या साधारण ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं. ह्यात नुसती डॉक्टरांची कमतरता नाही, "लोक काय म्हणतील" पण आहे. आणि गंमत बघा, ज्याचा आजारच लोक काय म्हणतील हा आहे त्याला घरचे लोक काय म्हणतील म्हणून डॉक्टरकडे नेत नाहीत.

सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आता फोनवर बोलायचीच ज्याला धास्ती त्याला फोन नंबर देणं हा विनोद मला पण कळतो. पण इथं घरचे उपयोगी पडू शकतात, शेजारी बसा, नंबर लावून द्या, स्पीकरवर पहिलं वाक्य तुम्ही बोला आणि मग फोन त्याच्या हातात देऊन खोलीच्या बाहेर जा. बाहेर जा हे महत्त्वाचं! जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं केस पेपरच्या रांगेत पहिल्यांदा बरोबर उभे राहा, दुसऱ्या वेळी रांगेत त्याला उभं करा आणि तुम्ही बाकावर बसा. आणि पोर "जगून काय उपयोग" असल्या भाषेत बोलायला लागलं तर ह्या पायऱ्या-बियऱ्या राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कॉलेजवाल्यांनी तोंडी परीक्षेला कोण कितव्या नंबरला हे आदल्या दिवशी लावलं तरी पुष्कळ. बाहेर तीन तास ताटकळत उभं राहून "आता माझं नाव, आता माझं नाव" ह्यातच निम्मी पोरं गळपटतात. सूट मात्र कुणालाही देऊ नका, तोंडी घ्याच, पहिला प्रश्न सोपा विचारा म्हणजे गाडी सुरू होते. मी माझ्याकडचं ते ओरडणारं मशीन काढून कार्ड दिलंय, त्याच्या ओरडण्यानं कुणाचंच भलं होत नव्हतं. पण पंखा, एसी, सीट, फी, जे काही असेल ते काउंटरला येऊन सांगायचं असा नियम केलाय, व्हॉट्सॲप चालणार नाही आणि आईवडिलांचा फोन तर अजिबात नाही. निफाडवाल्यांना राग आला होता. मुलगा तिसऱ्या दिवशी आला, दुपारी, हॉल रिकामा असताना, काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाला "पंखा". मी म्हटलं, बघते. एवढंच आमचं संभाषण.

तुम्हाला विनंती एकच, निकालाच्या दिवसांत टॉपरांच्या फोटोंची पानंच्या पानं छापता, त्यात एका कोपऱ्यात १४४१६ छापा. आणि ह्या विषयावर कधी लेख केलात तर डोकं धरून अंधारात बसलेल्या मुलीचा तो फोटो कृपा करून टाकू नका, अशी मुलं उजेडातच असतात, खिडकीजवळच्या सीटवर, आणि विचारलं तर हसून "काही नाही" म्हणतात. माझं नाव आणि अभ्यासिकेचं नाव छापू नये, आमच्याकडे पेपर येतो आणि पोरं लगेच ओळखतील कोणाबद्दल लिहिलंय ते.

आपली,
एक अभ्यासिका चालक, नाशिक